तीन ठिपक्यांचा मिस्त्री

मिस्त्री गाडीला आधी हात लावत नाही, कान लावतो. बोटं मुडपून पत्र्यावर टकटक करत गाडीभोवती एक फेरी मारतो. टण् वाजलं तर खाली पत्रा आहे. ठप्प वाजलं तर लांबी, म्हणजे कुणीतरी खड्डा बुजवायला थापलेली पुट्टी. "लांबी म्हणजे चेहऱ्यावरची पावडर," असं तो म्हणतो, "पहिल्या घामात उतरते." हे वाक्य मी गेल्या वीस वर्षांत दोनशे वेळा तरी ऐकलं असेल. त्याची पत्राकामाची शेड आणि माझं सीटकव्हरचं दुकान यांच्यात एकच भिंत आहे, आणि तीही छातीपर्यंतच. वरून सगळं दिसतं. मला बघायची, आणि खरं सांगायचं तर विचारायची खोड आहे. स्वभावाला औषध नाही.

तोंडावर मी मिस्त्रीला अहोजाहो करते, पण मनात तो 'तो'च आहे. सत्तावन्नचा, आडवा, डाव्या कानाने कमी ऐकणारा. माझ्या वडिलांच्या वेळचा, त्यामुळे मला 'सीटवाली' म्हणून हाक मारतो आणि हक्काने माझी कात्री पळवतो. शेडच्या दारावर त्याने स्वतःच्या हाताने पाटी रंगवलीय : 'गंजलेली गाडी आणू नये.' कुणी आणलीच तर तो म्हणतो, "गंजाला बोट दिलं की तो हात धरतो. दुसरीकडे बघा."

त्याची आणखी एक रीत सांगायला हवी. तो पत्र्याचा तुकडा कापला की बसवण्याआधी आतल्या बाजूला टोकदार पंच ठेवून हातोडीने तीन ठिपके मारतो, चुलीच्या तीन दगडांसारखे. ते कुणाला दिसत नाहीत, वरून रंग बसतो. त्याच्या उस्तादाचा तो नियम होता. कारखान्यात सात माणसं, प्रत्येकाची वेगळी खूण; तक्रार आली की उस्ताद तेवढा भाग उघडून बघायचे आणि ज्याची खूण त्याला सगळ्यांसमोर उभं करायचे. उस्ताद जाऊन पंधरा वर्षं झाली, शेडमध्ये मिस्त्री एकटा, तरी ठिपके सुटलेले नाहीत. "आता कोण तपासणार आहे?" मी एकदा विचारलं होतं. "मी," तो म्हणाला.

तर अशा माणसाच्या दारात दोन वर्षांपूर्वी एका ट्रकने ती गाडी आणून उतरवली.

दोनच माणसांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, नाक मात्र लांबलचक. कधीकाळी तिचा रंग लाल असावा. दारांच्या खालच्या कडा चाळणीसारख्या झाल्या होत्या, सीटच्या स्प्रिंगांमध्ये चिमण्यांनी तीन-चार पिढ्या काढल्या होत्या, आणि पलीकडच्या बाजूचं, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्याच्या बाजूचं, पुढचं चाक आत वळलेलं होतं. ट्रकच्या पुढच्या सीटवरून एक बाई उतरल्या. सहासष्टच्या, काटकुळ्या, ताठ. त्यांना आमच्या भागात सगळे भूगोलाच्या बाई म्हणतात. मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या.

"ही चालती करायची आहे," बाई म्हणाल्या. "मला नको, भाचीला द्यायची आहे. तिला दिसायला हीच गाडी हवी, पण आत आजकालचं इंजिन हवं. सकाळी किल्ली फिरवली की सुरू होणारं. तिला खटपटी जमत नाहीत."

मी मनात म्हटलं, आता मिस्त्री पाटीकडे बोट दाखवणार. पण तो फेरी मारायला लागला. मागचा भाग, ठप्प. दार, ठप्प. दुसरं दार, टण्, मग ठप्प. असं करत तो त्या वळलेल्या चाकाजवळ आला आणि तिथे त्याने हात चक्क खिशात घातला. पुढे जाऊन पुन्हा टकटक सुरू. तो एवढा एक कोपरा त्याने वाजवलाच नाही.

"किती वर्षं उभी आहे?" त्याने विचारलं.

"चौतीस."

"करतो," मिस्त्री म्हणाला.

माझ्या तोंडात सुई होती, ती गिळायचीच बाकी राहिली.

त्या दिवसापासून मला एकच छंद लागला. हा माणूस गंजाला हात लावत नाही, मग ही गाडी का घेतली? पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, "आकार बघ ना तिचा." महिन्याने विचारलं तर म्हणाला, "हात शिवशिवत होते." तिसऱ्यांदा म्हणाला, "तुझी शिलाई तिरकी चाललीय, तिकडे बघ." ताकास तूर लागू देईना. बरं, पैशासाठी म्हणावं तर तसंही नव्हतं; इतर कामं मागे सारून तो हिच्यावर राबत होता.

आणि राबत होता म्हणजे कसा! बाहेरचं सगळं सोलून त्याने गाडीचा सांगाडा उघडा केला. तळाचा पत्रा हातात घेतला की पापडासारखा मोडायचा. तो नवा पत्रा कापायचा, लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हळूहळू ठोकत त्याला बाक द्यायचा, लावून बघायचा, काढायचा, पुन्हा ठोकायचा. एका चाकावरच्या कमानीला अकरा दिवस लागले. मी मोजले. दाराची फट सगळीकडे सारखी हवी म्हणून तो त्यात माझी मापाची टेप नाही, माझं चामडं घालायचा. चामड्याची पट्टी वरपासून खालपर्यंत एकसारखी सरकली की दार पास.

इंजिनाचं काम डॉक्टरकडे होतं. खरा डॉक्टर नव्हे, फिटर. पण तो गळ्यात स्टेथोस्कोप घालून इंजिनांचे ठोके ऐकतो आणि त्यांना लॅपटॉप जोडतो, म्हणून डॉक्टर. त्याने जुनं इंजिन उघडून दाखवलं : आतले पिस्टन भिंतींना चिकटून एकजीव झालेले आणि लोखंडाला उभी भेग. "हे वारलं," तो म्हणाला. मग त्याने एक तीन वर्षं वापरलेलं इंजिन शोधून आणलं. मागून ठोकर बसून निकालात निघालेल्या घरगुती गाडीचं. पुढचं सगळं धडधाकट होतं. आकाराने जुन्यापेक्षा लहान, ताकद दुप्पट, पण उंचीला जास्त. बसवून बघितलं तर बॉनेट दोन बोटं उघडंच राहिलं.

"बॉनेटला फुगवटा देऊ," डॉक्टर म्हणाला.

"नाकापेक्षा मोती जड होतोय म्हणून नाकच कापायचं?" मिस्त्री भडकला. "इंजिन खाली घे."

मग इंजिनाखालचं तेलाचं भांडं कापून उथळ केलं, आधार खाली आणले, तर धूर बाहेर नेणारी नळी आणि स्टीअरिंगचा दांडा एकाच जागेसाठी भांडायला लागले. नळी वाकवून नवी केली. नवं इंजिन आपला वेग विजेच्या इशाऱ्यांनी सांगणार, आणि वेग दाखवणाऱ्या जुन्या घड्याळाचा काटा फिरायचा तारेने. बाईंना तर घड्याळ तेच हवं होतं. डॉक्टरने मधे एक इवलीशी मोटर बसवली. ती इशारा ऐकते आणि तार फिरवते. "दुभाषी आहे," तो म्हणाला. मला हे सगळं इतकं आवडायचं की गिऱ्हाईक समोर उभं असताना मी भिंतीवरून मान लांब करून बघत राहायचे.

बाई दर गुरुवारी यायच्या. स्वतःचा थर्मास आणायच्या, माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसायच्या आणि भिंतीवरून काम बघायच्या. त्यांचे प्रश्न माझ्यापेक्षा चांगले असायचे. पण गाडीला त्यांनी कधी हात लावला नाही. एकदा मिस्त्रीने नुसत्या सांगाड्यात पत्र्याची खुर्ची टाकून म्हटलं, "बसून बघा, स्टीअरिंगचं चाक हाताला नीट येतंय का." त्या दोन पावलं मागे सरल्या. "भाचीची उंची माझ्याहून जास्त आहे," म्हणाल्या.

मला कुठलं गप्प बसवतंय. पुढच्या गुरुवारी विचारलं, "बाई, तुम्ही चालवणं सोडलंत का?"

बाईंनी थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं. "मी बत्तीसची होते. शाळेत रोज हिच्यातून जायचे. लोक बघायचे, मला आवडायचं ते. एकदा आमच्या अक्काला, मोठ्या बहिणीला, शेजारी बसवून निघाले. सरळ, मोकळा रस्ता. समोरून एक सायकलवाला येत होता, लांब होता. आणि गाडी एकदम अक्काच्या बाजूने खाली गेली, चरात. मला काही झालं नाही. अक्काच्या खांद्याचं हाड मोडलं."

"पण कशामुळे?"

"सगळे म्हणाले, सायकलवाल्याला बघून मी गडबडले आणि चाक फिरवलं. अक्का तर शेजारीच होती, तीही तेच म्हणाली. म्हणाली, हिच्या हातात चाक देणं म्हणजे आपला जीव टांगणीला लावणं. मला आठवतं ते उलटंच. मी चाक रस्त्याकडे ओढत होते, अंगातलं सगळं बळ लावून. पण घाबरलेल्या माणसाच्या आठवणीला काय अर्थ आहे? मग मी सोडूनच दिलं. नुसतं चालवणं नाही. तीस वर्षं भूगोल शिकवला, पण मुलींची एक सहल कधी नेली नाही. म्हटलं, दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी आपल्या हातात नको. हे हात ऐन वेळी काय करतील, भरवसा नाही."

त्या हे अगदी सहज म्हणाल्या. मग लक्षात आलं, पलीकडची हातोडी थांबलेली आहे. मी भिंतीवरून पाहिलं. मिस्त्री त्याचा चांगला कान आमच्याकडे करून उभा होता. मी बघतेय म्हटल्यावर ठोकायला लागला, पण कुठे, तर रिकाम्या ठोकळ्यावर.

वर्ष उलटलं, दुसरं निम्मं सरलं. गाडीचा मागचा भाग झाला, दारं झाली, तळ झाला, आणि तो एक कोपरा, वळलेल्या चाकामागचा, तसाच. त्यावर त्याने चक्क माझं जुनं सीटकव्हर टाकून ठेवलं होतं. शेवटी डॉक्टरच अडून बसला.

"नव्या इंजिनाचा आधार त्याच दांड्यावर येणार," तो म्हणाला. चाक ज्याला धरून असतं तो खालचा लांब दांडा, त्याबद्दल बोलत होता. "ताकद दुप्पट आहे. हाडापर्यंत घासून दाखवल्याशिवाय मी इंजिन बसवणार नाही."

"उद्या," मिस्त्री म्हणाला.

"तुमचा उद्या गेलं दीड वर्ष चाललाय."

मिस्त्रीने घासायचं यंत्र उचललं. काळा रंग उडाला, मग पिवळट भुगा उडायला लागला. लांबीच लांबी, बोटभर जाड. ती संपल्यावर खाली तळहाताएवढा पत्र्याचा तुकडा लोंबत होता. चार कोपऱ्यांना वेल्डिंगचे चार टाके घातलेले, त्यातले तीन तुटलेले. मी शिवणकाम करणारी बाई. मला बघताच कळलं. हे कच्चे टाके होते. पुढची पक्की शिलाई कुणी घातलीच नव्हती.

डॉक्टर खाली वाकला. "अरे देवा. हे धडकेने तुटलेलं नाही. धडकेने पत्रा मागे चेपला असता, हा खाली ओरबाडला गेलाय. म्हणजे आधी हे सुटलं, मग धडक. हे सुटल्यावर चाक आत वळणार म्हणजे वळणारच, चालवणारा कितीही ओढू दे. कुठल्या गाढवाने केलंय हे?"

छिन्नीने चौथा टाका तोडून मिस्त्रीने तो तुकडा काढला, उलटा केला, आणि लगेच फडक्यात गुंडाळला. पण भिंत छातीपर्यंतच आहे ना. मी पाहिलं. चुलीच्या दगडांसारखे तीन ठिपके.

डॉक्टर चहाला गेल्यावर मी सरळ पलीकडे गेले. "तुम्ही," मी म्हटलं.

"मी," तो खाली बसला. "एकवीसचा होतो. उस्ताद आजारी होते. गाडीखाली टकटक आवाज येतो म्हणून आली होती, दांड्याला चीर होती. संध्याकाळी पाचला बाई न्यायला येणार होत्या. चार टाके घातले आणि गॅसची टाकी संपली. दुसरी यायला दोन दिवस. मी लांबी भरली, रंग मारला. म्हटलं, पुढच्या महिन्यात बोलावून पक्कं करू. उस्तादांना सांगितलं, झालं काम."

"खोटं काम केलंत आणि वर सही केलीत?"

"खूण आधी मारायची असते, बसवण्याआधी. तेव्हा मला नीटच करायचं होतं गं."

मग त्याने जे सांगितलं ते मला अजून पचलेलं नाही. सव्वा महिन्याने कारखान्यात कुणीतरी बातमी आणली होती, ती लाल गाडी चरात गेली. सगळे हसले होते. बाईमाणूस चालवत होती, दुसरं काय होणार! "आणि मीही हसलो," मिस्त्री म्हणाला. "बरं वाटलं मला. सुटलो म्हटलं. पण मग ते कधी सुटलंच नाही. धरून राहिला होता का टाका, की तुटला होता? पस्तीस वर्षं हेच डोक्यात. गाडी दारात उतरली तेव्हा ओळखली मी. घेतली ती त्याच्यासाठी. बघायचं होतं. आणि बघायचं धाडस होत नव्हतं."

माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. मला वाटलं होतं, मिळालं की मजा येईल.

"बाईंना सांगा," मी म्हटलं.

डॉक्टर परत आला होता. त्याने शेवटचं ऐकलं आणि काय ते समजला. तो भला माणूस आहे, त्याला मिस्त्रीची दया आली. "कशाला? नवा दांडा घालतोच आहोत. जुना तुकडा भंगारात. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनाही या वयात त्रास कशाला?"

"त्रास?" माझा आवाज चढला. "त्या बाई स्वतःच्या हातांना घाबरतात! पस्तीस वर्षं! तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन."

"तुझा काय संबंध?" मिस्त्री ओरडला.

मी परत आले आणि दहा दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्यानेही कात्री मागितली नाही. मधे एक गुरुवार आला. बाई स्टुलावर बसून सीटसाठी चामड्याचे नमुने चाळत होत्या, आणि माझ्या जिभेच्या टोकावर ते सगळं येऊन बसलं होतं. कसे ते ओठ मी मिटून ठेवले माझं मला माहीत. कारण मला कळत होतं की हे माझ्या तोंडून बाहेर पडलं तर ती नुसती चुगली होईल. पलीकडे मिस्त्री नवा दांडा वेल्ड करत होता, टाक्याला टाका लावून, एक तसूही जागा न सोडता.

त्याच्या पुढच्या गुरुवारी तो स्वतः भिंतीला वळसा घालून माझ्या दुकानात आला. हात धुतलेले, हातात फडकं. बाईंसमोर उभा राहिला आणि फडकं उघडून तुकडा माझ्या कापायच्या टेबलावर ठेवला. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. हसलो होतो, तेही सांगितलं. ते त्याने गाळलं असतं तरी चाललं असतं, पण गाळलं नाही.

बाईंनी चष्मा लावला. तुकडा उलटसुलट करून पाहिला, ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग शाळेत विचारतात तसं एकेक विचारलं.

"हे सुटल्यावर चाक कुठे वळतं?"

"आत. शेजारच्या बाजूला."

"आणि मी स्टीअरिंग उलट ओढलं असतं तर?"

"काही झालं नसतं. कुणीही ओढलं असतं तरी."

"म्हणजे मला आठवतं ते बरोबर आहे."

"बरोबर आहे, बाई."

"तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

"खात्रीने म्हणाल तर दहा दिवस. तसं, पस्तीस वर्षं."

मला वाटलं त्या ओरडतील. रडतील. त्या उठल्या, तुकडा फडक्यासकट पिशवीत घातला, थर्मास मात्र स्टुलाजवळच विसरल्या, आणि निघून गेल्या. जाताना मिस्त्रीकडे पाहिलंही नाही. तो तिथेच उभा राहिला. मी त्याला स्टूल दिलं, चहा दिला. राग होता, तरी दिला.

पुढच्या गुरुवारी बाई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. डॉक्टरने इंजिन बसवलं, ते पहिल्या किल्लीला सुरू झालं, आणि कुणालाही नीटसा आनंद झाला नाही. मिस्त्रीने रंग दिला. मी सीट शिवल्या, पक्क्या, दुहेरी शिलाईच्या, गडद तपकिरी चामड्याच्या. रंग माझा मीच निवडला, विचारायला कोण होतं? गाडी अशी झळकत होती की रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. मिस्त्री तिच्यावर चादर टाकायचा. "गिऱ्हाईक येवो न येवो, काम पुरं करायचं," एवढंच म्हणायचा. त्याची बायको मला एकदा हळूच म्हणाली, घरी जेवत नाहीत.

पाचव्या गुरुवारी, सकाळी अकराला, बाई आल्या. चालत, खांद्याला पिशवी. माझ्याकडे न थांबता सरळ शेडमध्ये गेल्या. "चादर काढा," म्हणाल्या.

मिस्त्रीने चादर काढली. बाईंनी बोटं मुडपली आणि मागच्या कोपऱ्यापासून टकटक करत निघाल्या. टण्. टण्. दार, टण्. गाडीभोवती हळूहळू फिरत बाई त्या चाकाजवळ आल्या, कमानीवर टकटक केली, टण्, मग पदर खोचून गुडघ्यावर बसल्या आणि हात खाली घालून दांड्यावर तीनदा वाजवलं. जाड, भरीव आवाज आला.

"ठप्प कुठेच नाही," त्या उठत म्हणाल्या.

"नाही, बाई."

"ठिपके मारलेत?"

"मारलेत. त्याच जागी, आतून."

बाईंनी पिशवीतून लायसन्स काढून माझ्या भिंतीवर ठेवलं. "हे मी कधी संपू दिलं नाही. दर वेळी जाऊन नवं करून आणायचे. का ते मलाच कळत नव्हतं. महिनाभर शिकवणी लावली होती, रोज सकाळी. शिकवणारा म्हणाला, आजी, तुम्हाला मी काय शिकवू?"

मला राहवलं नाही. "आणि अक्का?"

"तो तुकडा जेवायच्या टेबलावर ठेवला तिच्यापुढे. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, सीट कुठल्या रंगाची केलीय?" बाई पहिल्यांदा हसल्या. मग मिस्त्रीकडे वळल्या आणि हसू गेलं. "मिस्त्री, मी तुम्हाला माफ केलंय की नाही, मला माहीत नाही. ते बघू. अक्काला बसवायच्या आधी गाडीची फेरी व्हायला हवी. तुम्ही बसा माझ्या शेजारी."

ती सीट म्हणजे त्याच्या ठिपक्यांच्या मागची, अक्काची. मिस्त्रीने पाटलोणीला हात पुसले, दार उघडलं आणि बसला. बाईंनी आरसा नीट केला, किल्ली फिरवली. गाडी शेडबाहेर पडली, वळणावर थांबली, दोन्हीकडे बघून गेली. मी हातातलं काम टाकून रस्त्यावर उभी राहिले. एका गिऱ्हाइकाला चक्क नंतर या म्हणाले.

चाळीस मिनिटांनी ते परत आले. मिस्त्री उतरला. बाईंनी इंजिन बंद केलं नाही. खिडकीतून म्हणाल्या, "अक्काला घेऊन येते," आणि गेल्या.

"भाचीचं काय?" मी ओरडले, पण त्यांनी ऐकलं नाही, की ऐकून सोडून दिलं, कोण जाणे.

मिस्त्री माझ्या स्टुलावर येऊन बसला. मी आधी पाणी दिलं, मग विचारलंच, "कशा चालवतात हो बाई?"

"मोकळ्या रस्त्यावर त्यांनी चाकावरचे दोन्ही हात उचलले," तो म्हणाला. "माझ्याकडे बघत होत्या, रस्त्याकडे नाही. मी म्हटलं, आता गेलो. गाडी सरळ गेली गं. एकदम सरळ."

एवढं बोलून तो रडायला लागला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पुढचं काही विचारलं नाही.